हिलालभाऊची हाक

घासलेट आणायला गेले होते मी, बाकी काही नाही. गुरुवार होता. गुरुवारी सुरतेत आमच्या नवागामच्या बाजूची वीज बंद असायची, म्हणून कारखान्यांना सुट्टी. एरवी रात्रंदिवस कापड विणायच्या लूमची खडखड चालू. त्या आवाजातच आमची पोरं झोपायची, आमची भांडणं त्या आवाजाच्या वर ओरडून व्हायची. गुरुवारी तो आवाज थांबला की कानात पोकळी झाल्यासारखं वाटायचं. लांबच्या खोलीत कुणी भाकरी थापली तरी ऐकू यायचं.

शेजारच्या गोडादरा भागात रेशनच्या दुकानावर रांग होती. डबा भरून निघाले तोवर दिवस मावळला. खाडीकडून डाईंगच्या पाण्याचा वास येत होता, आंबूस आणि गोडसर. गल्लीत चुली पेटलेल्या, धूर खालीच साचलेला. आमच्या दिराला जाऊन पंधरवडा झाला असेल तेव्हा.

दिराचं नाव हिलाल. आमच्या यांचा, बन्सीलालचा, धाकटा भाऊ. पारोळ्याकडच्या आमच्या गावाहून मिसरूड फुटायच्या आधी सुरतेला आला तो आमच्याच खोलीत राहिला. माझ्या हातचं खाऊन मोठा झाला म्हणा. लूम चालवून माणसं अर्धी बहिरी होतात. दार वाजवलं तर त्यांना कळत नाही, नाव घेऊन ओरडावं लागतं. हिलालभाऊचा आवाज असा होता की चालू कारखान्यात एका टोकाहून बोलला तर दुसऱ्या टोकाला शब्द न् शब्द पोचायचा. म्हणूनच युनियनवाल्यांनी मिटिंगला माणसं बोलवायचं काम त्याला दिलं असावं. मिटिंग असली की संध्याकाळी गल्लीच्या खालच्या अंगापासून सुरू करायचा. एकेका दारासमोर थांबून, एकेकाचं नाव घेऊन. "चाल भो, मिटिंग शे." आमची अहिराणीच बोलायचा तो सगळ्यांशी, समोरचा जालन्याचा असो की अकोल्याचा. ज्याला यायचं असेल तो आतून म्हणायचा, "ऊनू." म्हणजे आलो. मग हा पुढच्या दारी.

मागणी साधी होती. रातपाळीला शेठ लोक कारखान्याच्या शटरला बाहेरून कुलूप लावायचे. सूत चोरीला जातं म्हणायचे. माणसं आत, चावी वॉचमनजवळ. हिलालभाऊचं म्हणणं, बाकीचं सगळं मागाहून बघू, आधी कुलूप काढा. आत आग लागली तर माणूस जाईल कुठे? लोकांना पटायचं, पण मिटिंगला फार थोडे यायचे. मुकादमाने निरोप फिरवला होता की युनियनच्या मिटिंगला दिसला त्याला सुरतेत कुठल्याच कारखान्यात उभं करणार नाहीत. मग हिलालभाऊ दारासमोर हाका मारायचा आणि आत दिवा बारीक व्हायचा. त्याला त्याचा राग यायचा नाही. दुसऱ्या वेळी परत त्याच दारी जाऊन तितक्याच मोठ्याने हाक मारायचा. मी चिडायचे. म्हणायचे, "भाऊ, ते ओ देत नाहीत, कशाला घसा फोडतोस?" तो म्हणायचा, "वहिनी, ऐकू तर येस ना त्यासले."

मग ती रात्र झाली. मी तिथे नव्हते, यांनी सांगितलं ते सांगते. लूमच्या लोखंडात करंट उतरला होता. हिलालभाऊचा हात लागला आणि तो फेकला गेला. श्वास चालू होता. हे त्याच कारखान्यात होते. यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, बाकीच्यांनी मेन बंद केला आणि शटर बडवायला सुरुवात केली. वॉचमन चहाला गेला होता, चावी त्याच्या खिशात. आजूबाजूचे कारखाने चालू होते. शटर बडवलेलं कुणाला ऐकू जाणार? खूप वेळ बडवलं. कुलूप उघडलं तेव्हा हे त्याला हाका मारत होते, आणि तो ओ देत नव्हता.

शेठ म्हणाला, तो तसाही वाचला नसता. आणि कुलूप तसंच राहिलं.

तुम्हाला वाटेल, एवढं झाल्यावर माणसं पेटून उठली असतील. तसं नाही होत. माणसं आणखी घाबरली. दोन खोल्या तर सामान बांधून गावाला निघून गेल्या. हिलालभाऊचा दोस्त होता वाल्मिक, चोपड्याचा, बारीक आवाजाचा. त्याने एकट्याने ठरवलं की गुरुवारी पाण्याच्या टाकीखाली मिटिंग घ्यायची. दुपारी सगळ्या गल्लीतून फिरला. कुणी दार उघडलं नाही. आमच्याकडे येऊन पाणी प्याला, यांच्याजवळ जरा बसला आणि म्हणाला, मी एकटा जाऊन उभा राहीन. हे भाऊ गेल्यापासून कामावर गेले नव्हते, दाराच्या ओट्यावर नुसते बसून असायचे.

तर तो गुरुवार. मी घासलेटचा डबा घेऊन गल्लीच्या तोंडाशी आले, आणि खालच्या अंगाकडून आवाज आला.

"बाबुरावमामा, चाला. मिटिंग शे."

मी ऐकलं आणि चालतच राहिले. ओळखीचा आवाज होता, रोजचा होता, म्हणून आधी काही वाटलंच नाही. चार पावलं गेल्यावर पाय थांबले. 

बाबुराव जालन्याचे. सगळं आयुष्य लूमवर गेलेलं, कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी "आँ?" करणारा माणूस. त्यांचं दार उघडलं. कंदिलाच्या उजेडात ते बाहेर आले, टोपी नीट केली आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाले, "आलो रे, आलो."

समोर कुणी नव्हतं. धूर होता नुसता.

आवाज पुढच्या दारी गेला. मग त्याच्या पुढच्या. ज्या क्रमाने तो जायचा त्याच क्रमाने. पावलं वाजत नव्हती, नुसता आवाज सरकत होता. एका दारी थांबायचा, नाव घ्यायचा, जरा वाट बघायचा. गल्लीत दुसरा एक शब्द नव्हता. रडणारी पोरंसुद्धा गप्प झाली होती.

माझ्या डाव्या हाताला पुष्पाबाईची खोली. दार अर्धवट उघडं होतं. आत पुष्पाबाई नवऱ्याच्या तोंडावर हात दाबून बसली होती. तिचा नवरा श्रीरंग, मुकादमाच्या भीतीने कधी मिटिंगला न गेलेला. मला बघून ती कुजबुजली,

"वत्सला... तुलाबी ऐकू येतंय ना?"

मी मान हलवली.

"ओ देऊ नको बाई... दिवेलागणीला, गेलेल्या माणसाची हाक आली तर ओ द्यायची नसते. ओ दिली की तो घेऊन जातो..."

आणि आवाज दाराशी आला. माझ्यापासून हातभर अंतरावर. मला वारा लागला नाही, वास आला नाही, काही नाही. नुसतं, "श्रीरंग भो, चाल. मिटिंग शे."

पुष्पाबाईने हात आणखी घट्ट दाबला. श्रीरंगने हळूच तिचा हात आपल्या तोंडावरून काढला. रागाने नाही, पोराचा हात बाजूला करावा तसा. म्हणाला,

"जिवंत होता तेव्हा कितीदा बोलावून गेला. मी एकदाही ओ दिली नाही, पुष्पे."

मग तो उठला आणि दारात येऊन म्हणाला, "ऊनू."

मी पळत सुटले. आमची खोली गल्लीच्या वरच्या अंगाला. हे ओट्यावर बसलेले होते, मी जाताना सोडून गेले होते तसेच. मी यांच्याजवळ जाऊन उभी राहिले, पदर तोंडावर धरून. आवाज दार दार करत येत होता. दारं उघडत होती. कडी निघाल्याचा आवाज, चपला सरकल्याचा आवाज, आणि "ऊनू", "आलो", "आली बाई". मग आमच्यासमोर थांबला. मला रडू येईल असा तो आवाज, भूक लागल्यावर खोलीत शिरताना यायचा तसा.

"वत्सलावहिनी, तू बी चाल."

बायकांना त्याने याआधी कधी बोलावलं नव्हतं. सुताच्या कांड्या भरायला आम्ही त्याच शटरच्या आत बसायचो, तरी मिटिंग म्हणजे पुरुषांची. मी ओ दिली. भीती वाटली नाही असं नाही. पण त्याच्या हाकेला मी ओ दिली नाही असं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

मग मी वाट बघत राहिले. आता यांचं नाव घेईल, भावाचं. पण आवाज पुढे शेजारच्या खोलीकडे गेला.

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "कोणाशी बोलतेस? आणि हे सगळे निघाले कुठे?"

यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

मी यांचा हात धरला, उठवलं, टाकीकडे घेऊन गेले. तिथे वाल्मिक एकटा उभा होता, खांबाला टेकून. गल्लीतून माणसं येताना बघून त्याने तोंडावर रुमाल धरला. आमची गल्ली आली, मागची आली, गोडादऱ्याच्या बाजूची आली. बाया आल्या, कडेवर पोरं घेऊन. कुणी कुणाला विचारलं नाही, तू कसा आलास. वाल्मिक बोलला, तो बारीक आवाजात, आणि सगळ्यांना ऐकू गेलं. कुलूप निघेपर्यंत कुणी आत जायचं नाही, एवढंच ठरलं.

शुक्रवारपासून आम्ही शटरसमोर बसलो. पुष्पाबाईने मोठ्या पातेल्यात खिचडी टाकली, ज्याच्या घरात जे होतं ते त्यात गेलं. मुकादम येऊन नावं घेऊन धमक्या द्यायचा. लोक खाली मान घालून ऐकायचे आणि उठायचे नाहीत. मग शेजारचे कारखाने थांबले. मग त्यांच्या पलीकडचे. शेवटी एका सकाळी शेठचा माणूस आला, कुलूप काढून खिशात घातलं आणि न बोलता निघून गेला. कुणी घोषणा दिली नाही. बाबुराव पुढे झाले, शटरच्या पत्र्यावर हात फिरवला आणि खाली बसून रडायला लागले.

घरी आल्यावर यांना मी सगळं सांगितलं. तोवर गल्लीतल्या प्रत्येकाकडून यांना कळलंच होतं. सगळ्यांना हाक आली, ज्यांचं त्याच्याशी कधी पटलं नाही त्यांनासुद्धा. यांना तेवढी नाही. पुष्पाबाईने समजूत काढली, की रक्ताच्या माणसाला गेलेली माणसं बोलवत नाहीत, तो खरंच त्यांच्यामागे निघून जाईल म्हणून. हे म्हणाले, "मग काय बिघडलं असतं?"

त्यानंतर पुन्हा आमच्या गल्लीत आवाज आला नाही. हे मात्र रोज दिवेलागणीला ओट्यावर बसायचे. कामाला लागले, पुढे पोरांची लग्नं केली, पण ती वेळ सहसा चुकली नाही. मी आतून बघायचे. कुणी लांबून कुणालाही हाक मारली तरी यांची मान वळायची.

त्या गुरुवारला तीन-चार वर्षं झाली असतील. नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका रविवारी दुपारी एक माणूस आमचं घर विचारत आला. सुरतेतच पांडेसऱ्याला लूमवर होता, उडिया, ओडिशातल्या गंजामकडचा. वाल्मिकने त्याला पाठवलं होतं. मोडक्या हिंदीत तो सांगत होता. त्यांच्याकडेही कुलूप लावायचे. त्यांनीही मागच्या सोमवारी मिटिंग ठरवली होती, आणि कुणी येणार नव्हतं. मग संध्याकाळी त्यांच्या खोल्यांच्या रांगेतून दोन माणसं आली. एकेका दारासमोर थांबून एकेकाला नावाने बोलावलं, त्यांच्याच भाषेत. सगळे निघाले. नंतर विचारलं तर ती माणसं कुणाच्या ओळखीची नव्हती.

भिंतीवर हिलालभाऊचा फोटो होता. तो उठून जवळ गेला, हात जोडले. म्हणाला, हाच.

मी विचारलं, दुसरा कोण होता?

तो वळला. कोपऱ्यात हे बसले होते, इतका वेळ अंधारात होते म्हणून त्याला दिसले नसावेत. यांना बघून तो एकदम मागे सरला. मग यांच्याकडे बोट केलं.

त्या सोमवारी संध्याकाळी हे तापाने फणफणले होते. मी रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवत बसले होते. अंथरुणावरून हलले नव्हते. मी तसं त्याला सांगितलं. तो ऐकून घेत होता, पण यांच्यावरची नजर काढत नव्हता.

यांनी हळूच विचारलं, "त्याने... मला हाक मारली का?"

मी ते त्याला हिंदीत विचारलं. त्याने नाही म्हणून मान हलवली.

"वो तो कुछ बोला ही नहीं, भाभी. सिर्फ दरवाजा दिखाता था. आवाज तो ये दे रहे थे."

 मी चहा ठेवला, तो प्यायला नाही. निघाला.

तो गल्लीच्या तोंडाशी पोचला असेल. हे उठून दारात गेले आणि त्यांनी त्याला हाक मारली, "दंडपाणी." त्याने आम्हाला नाव सांगितलं नव्हतं. पुढे हे दोन-चार शब्द बोलले, ते त्याच्याच भाषेतले असावेत, मला कळले नाहीत. तो माणूस जागच्या जागी थांबला, आणि मागे न बघता त्याने ओ दिली.