प्रावेत्सची यंत्रं

"मीटर मागच्या बाजूला आहे," आतून आवाज आला.

"मी मीटर बघायला नाही आले," रादोस्तिना बंद दाराला म्हणाली. "कॉम्प्युटर बघायला आलेय."

दार उघडलं. हातात स्क्रूड्रायव्हर, भुवईवर धूळ, आणि डोळे... रादोस्तिना क्षणभर वही काढायचीच विसरली.

जुने कॉम्प्युटर जपणारी संग्रहालयं आणि घरगुती संग्रह शोधत ती बल्गेरियाभर फिरत होती. त्यांची एक मार्गदर्शिका लिहायची होती. सोळा ठिकाणं झाली होती. प्रावेत्समधल्या या बंद पडलेल्या लाँड्रीचा पत्ता तिला प्लोव्दिवच्या एका संग्राहकाने दिला होता. दार उघडणाऱ्या इस्क्रेनने आत याच गावात बनलेले एकशेचाळीस कॉम्प्युटर फळ्यांवर मांडले होते. बहुतेक चालू.

"माझं नाव छापू नका," तो म्हणाला. "म्युनिकचा एक माणूस सगळं विकत मागतोय. देऊन टाकावं म्हणतो. इथे कोण येतं बघायला?"

"मी आले की."

"तुम्हीच म्हणालात, आधी सोळा ठिकाणी जाऊन आलात."

"म्हणजे... तुम्हाला राग आला?"

"थोडा," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

पुढच्या शनिवारी ती पुन्हा आली. त्याच्या एका कीबोर्डला बटण नव्हतं, ते तिने कझानलिकच्या एका मास्तरांकडून मिळवलं होतं. त्याने ते तिच्या तळहातावरून उचललं... जरा जास्तच सावकाश. मग दोघांनी खिडकीत बसून चीज भरलेली गरम, खुसखुशीत बानित्सा खाल्ली. तिच्या हनुवटीवर चीज लागलं होतं. ते त्याने सांगितलं नाही, नुसता बघत राहिला.

"तू काय करावंस हे मी सांगणार नाही," निघताना ती म्हणाली. "संग्रह तुझा आहे. पण ज्यांनी ही यंत्रं बनवली, त्यांना एकदा तरी दाखव."

'तू' ऐकून तो रात्रभर खूश होता.

तिसऱ्या शनिवारी रादोस्तिना गावातल्या स्तोयांका मावशींना घेऊन आली. मावशींनी कॉम्प्युटरच्या कारखान्यात अठरा वर्षं सोल्डरिंग केलं होतं. त्यांनी चष्मा चढवला, उघड्या बोर्डावर वाकल्या आणि बोटाने एकेक टाका चाचपू लागल्या.

"सत्तावीस नंबर," मग त्या म्हणाल्या. "हा माझा शिक्का. हे सगळे टाके माझ्या हातचे." इस्क्रेनने यंत्र सुरू केलं. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. मावशी ताठ उभ्या राहिल्या. "माझ्या सुनेला वाटतं, मी तिथे झाडू मारत होते. उद्याच तिला घेऊन येते."

आठवड्याभरात कारखान्यातल्या नऊ जणी येऊन गेल्या. ठेवणीतले कपडे, कानांत डूल, सोबत नातवंडं. जी ती आपापला शिक्का शोधत होती.

म्युनिकचा माणूस आला तेव्हा रादोस्तिना दुभाषी म्हणून उभी होती. त्याने कागद पुढे केला. इस्क्रेनने मान वरखाली हलवली. बल्गेरियात त्याचा अर्थ 'नाही', पण पाहुण्याने आनंदाने हात पुढे केला.

"तो नाही म्हणतोय," रादोस्तिनाने सांगितलं.

"पण का?" पाहुण्याने विचारलं.

"त्यांना सांग," इस्क्रेन म्हणाला, "ज्यांच्या हातची ही यंत्रं आहेत, त्या चार गल्ल्या सोडून राहतात. बघायचं तर इथे यावं लागेल. चहा मी देईन."

पाहुणा गेल्यावर तिने वही उघडली. "आता नाव छापू ना? पत्ता लिहिला. उघडं कधी?"

"रविवारी, दहा ते पाच."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी बंद. शनिवारी तू येतेस."

पेन तसंच थांबलं. "हे... हे छापता येणार नाही."

"छापू नकोसच," तो म्हणाला. "ते फक्त तुला सांगायचं होतं."

रादोस्तिनाने वही मिटली आणि कितीतरी वेळ त्याचा हात हातात धरून ठेवला.