अठ्ठावीस दात्यांची चकती

कान्हेरीच्या चढावर संघमित्रा तिसऱ्यांदा सायकलवरून उतरली, तेव्हा मागून घंटी वाजली. एक तरुण निवांत वर येत होता. चाल गोगलगायीची, पाय मात्र ताकातल्या रवीसारखे भराभर फिरत होते.

“सायकलला फिरायला आणलंय का?” त्यानं विचारलं.

“तुम्हाला काय करायचंय?”

“काही नाही... पण इतक्या जड गिअरवर हत्तीसुद्धा चढणार नाही.”

“माझे पप्पा चढायचे. ह्याच सायकलवर, ह्याच गिअरवर. मला कॅरिअरवर बसवून.”

तो थांबला. त्यानं आधी सायकलकडे पाहिलं, मग तिच्याकडे. हा क्रम तिला का कोण जाणे, आवडला.

पप्पा, म्हणजे भीमराज, फेब्रुवारीत गेले. ती लहान असताना दर बुद्धपौर्णिमेला बापलेक बोरिवलीहून कान्हेरीच्या लेण्यांना जात. मागे बसून तिला फक्त त्यांचा घामानं भिजलेला पांढरा शर्ट दिसायचा. “जड होते का हो मी?” ती विचारायची. “तुझं काय वजन! गिअरपण बदलावा लागत नाही.” यंदाच्या पौर्णिमेला नऊ दिवस उरले होते. तिला तसंच वर जायचं होतं, एकदाही पाय न टेकता. तालीम करायला आली, तर ही गत.

तरुणाचं नाव प्रांजल परब. दौलतनगरच्या एका गल्लीत तो सायकली दुरुस्त करायचा. दुसऱ्या संध्याकाळी ती दुकानात हजर झाली, ती अट घेऊनच.

“तेलपाणी करा फक्त. पप्पांचं काही बदलायचं नाही.”

“बरं बाई.”

त्यानं मागचं चाक काढलं, रॉकेलनं त्यावरच्या दातेरी चकत्या पुसल्या... आणि एकदम वाकून बघू लागला.

“काय झालं?”

“इकडे ये जरा. ह्या बारक्या चकत्या बघ, अजून नव्यासारख्या. आणि ही सगळ्यात मोठी, अठ्ठावीस दात्यांची. सगळ्यात हलका गिअर हिचा. बोट लाव.”

तिनं लावलं. दाते झिजून बोरीच्या काट्यासारखे टोकदार झाले होते.

“म्हणजे?”

“म्हणजे तुझे पप्पा चढावर हाच गिअर टाकायचे. वर्षानुवर्षं.”

“खोटं आहे.”

“लोखंड कशाला खोटं बोलेल गं?”

तिचं बोट तिथंच राहिलं. मग ती हसली. डोळे मात्र भरले होते.

“म्हणजे मी जड होते.”

“बऱ्यापैकी,” तो म्हणाला, आणि त्यानं जीभ चावली.

“बदल ही चकती.”

“नक्की?”

“हो. पण माझ्या पायांना काय झेपेल ते बघ.”

त्यानं चौतीस दात्यांची लावली, साखळी थोडी वाढवली. “मागे जितके दाते जास्त, तितका चढ हलका. वेळ लागतो, पण थांबावं लागत नाही.” जुनी चकती त्यानं घासूनपुसून वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

पौर्णिमेच्या सकाळी ती पांढऱ्या कुर्त्यात निघाली. तो उद्यानाच्या फाटकापाशी सायकल घेऊन उभाच होता. चढ सुरू झाला, तिचे पाय रवीसारखे फिरू लागले.

“इतका हळू का चालवतोस?” तिनं धापा टाकत विचारलं.

“तू हळू चालवतेस म्हणून.”

शेवटचं वळण आलं, श्वास छातीत मावेना... पण पाय टेकला नाही. वर पोचल्यावर ती गुंफेच्या दगडी पायरीवर बसली. पिशवीतल्या चकतीवर तिचा हात होता.

प्रांजल उगाच घंटी पुसत राहिला.

“माझ्या सायकलला कॅरिअर नाहीये.”

“दिसतंय.”

“लावावा म्हणतो... कुणी बसणार असेल तर.”

संघमित्रानं खाली उतरणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं.

“माझं वजन आहे हं. पप्पांनी लपवलं होतं.”

“ठाऊक आहे. मी नाही लपवणार... जड वाटलं तर जड वाटतंय म्हणेन. हलका गिअर टाकेन. पण तुला उतर म्हणणार नाही.”

तिनं पिशवीतली चकती काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

“मग लाव,” ती म्हणाली. “आणि ही दुकानात टांग. आत्ता म्हणालास ते विसरलास, तर ही दिसेल.”