तिसरी हाक

देखाव्याला चारी बाजूंनी आवाज हवा, म्हणून उद्या भेस्तानला गजेंद्रकडे जायचं ठरवताय ना? जाऊ नका. चहा पाजेल, गोड बोलेल, पण काम घेणार नाही. पाचही स्पीकर त्याने देऊन टाकले. आता 'का' म्हणून तुम्ही विचारणार, आणि मी नको नको म्हणत सांगणार, हे तुम्हालाही ठाऊक आहे. बसा. गणपतीसमोर बसून थापा मारायची माझी छाती नाही. अमित, तो मोबाइल उपडा ठेव आधी.

गोष्ट जुनी नाही, याच श्रावणातली आहे. गजेंद्र म्हणजे इथे सुरतेत लूमवर कापड विणणाऱ्या सुपडूभाऊंचा मुलगा, माझ्याच शाळेतला. आता चाळिशीचा झालाय. दिवसा पलसाण्याला एका डाइंगच्या ऑफिसात बसतो आणि संध्याकाळी घरच्या कॉम्प्युटरवर मंडळांची, लग्नांची रेकॉर्डिंगं नीट करून द्यायचा. एकतीस जुलैला, गुरुवारी, तो माझ्याकडे आला.

"गुरुजी, तुमचा टेपरेकॉर्डर चालतो का अजून?"

चालत होता. माझ्या घरात माझ्याखालोखाल तेवढंच जुनं यंत्र धड आहे. त्याने खिशातून एक कॅसेट काढली. वर सुपडूभाऊंच्या अक्षरात लिहिलेलं : कानबाई, १९९४. आपल्या खानदेशी कानबाईच्या त्या वर्षीच्या जागरणातली बायकांची गाणी. कुणाच्या तरी भावाने आखातातून टेप आणला होता, दोन बाजूंना दोन माइकवाला. त्यावर ही भरलेली. पुन्हा कुणी वर काही भरू नये म्हणून सुपडूभाऊंनी कॅसेटच्या पाठीवरचे दोन्ही चौकोनी तुकडे तेव्हाच तोडून टाकले होते. ते तोडले की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. हे लक्षात ठेवा.

"माय दीड वर्षापासून ओ देत नाही, गुरुजी," गजेंद्र म्हणाला.

त्याची माय, सरलाबाई, तुम्ही पाहिल्या असतील. लिंबायतमध्ये अख्ख्या गल्लीला पुरून उरणारी बाई. पण वय झालं, विसर पडत गेला. आधी दिवस विसरल्या, मग नातवंडं, मग सून सोनाली, आणि शेवटी गजेंद्र. रोज सकाळी ऑफिसला निघताना तो पायाशी बसून हाक मारायचा : माय... माय... त्या खिडकीकडे बघत राहायच्या. डॉक्टरांनी हात टेकले होते. याला फार काही नको होतं. एकदा हाक मारली की एकदा ओ यावी, एवढंच. पोराने आईकडे याहून कमी काय मागायचं?

तर त्याच्या डोक्यात आलं, रविवारी कानबाई आहे. मायला जागरणाला नेता येत नाही, तर जागरणच घरी आणू. समोरून एका स्पीकरमधून नको. तिला मधोमध बसवायचं आणि चारी बाजूंनी बायका गाताहेत असं करायचं. कोण जाणे, आपण पुन्हा त्या चाळीत आहोत असं वाटून तोंड उघडेल.

हे करतात कसं, ते त्याने मला समजावलं होतं. कॅसेटवर दोनच बाजू, डावी आणि उजवी. सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही टाकायच्या. दोन्हींत जे सारखं, ते समोरच्या मधल्या स्पीकरला. मग एका बाजूतून दुसरी वजा करायची. सारखं ते कटतं आणि मागे उरतं ते उरलंसुरलं : भिंतींवरून परत आलेला आवाज, गल्लीतला, दाराबाहेरचा. ते पाठीमागच्या दोन स्पीकरना द्यायचं. म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं, आपण त्या खोलीतच बसलोय.

आता ती खोली. तुमच्या जन्माआधीची चाळ, पुढे पाडली. एका ओळीत अकरा खोल्या. तिसरीत सुपडूभाऊ, चौथीत मी, टोकाच्या अकरावीत सरस्वतीबाई. सरलाबाईंची आणि सरस्वतीबाईंची जोडी. साड्यांचे धागे कापायला दोघी एकत्र बसायच्या, पाण्याला एकत्र जायच्या. पहाटे नळावर जाताना सरस्वतीबाई दारातून खणखणीत हाक द्यायच्या, "सरला वं!" आणि आतून लगेच, "ओ! उनू!" तुम्ही आता घरीसुद्धा गुजराती झाडता म्हणून सांगतो, उनू म्हणजे आले. मग लोखंडी कडी. ती कडी वाकडी होती. दोनदा अडकायची, मग सुटायची. खट्, खट्, आणि खळ्ळकन. माझं घड्याळच होतं ते.

कॅसेटमध्येही तसंच होतं. डाव्या बाजूला सरलाबाईंचा घोळका एक ओळ गाणार, उजवीकडून सरस्वतीबाईंचा घोळका ती उचलणार.

हे झालं चौऱ्याण्णवच्या ऑगस्टमध्ये. सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला.

तुम्ही नुसतं ऐकलंय. आम्ही गल्ल्या ओस पडताना पाहिल्या. ज्याला जी गाडी मिळाली ती धरून माणसं गावाकडे पळाली. तेवीस सप्टेंबर, शुक्रवारची रात्र. सुपडूभाऊ तिकिटासाठी स्टेशनवर रांगेत. खोलीत सरलाबाई आणि नऊ वर्षांचा गजेंद्र. सरस्वतीबाईंचा नवरा आधीच गावी गेलेला आणि त्या दोन दिवस तापाने फणफणलेल्या.

रात्री दीडच्या सुमाराला दाराशी हाक आली.

"सरला..."

आवाज बसलेला. धाप लागलेली.

गजेंद्र उठायला गेला. सरलाबाईंनी त्याच्या तोंडावर तळहात दाबला. रात्रीच्या हाकेला लगेच ओ देऊ नये, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत. जे माणूस नाही ते दोनदाच हाक मारतं. तिसरी आली, तर माणूस. सरलाबाई पोराच्या कानात पुटपुटल्या, "तिसरी हाक येऊ दे. मंग उघाडसू."

"सरला वं..."

दोन झाल्या.

मायलेकरं श्वास धरून बसली. तिसरी आली नाही.

सकाळी सरस्वतीबाई त्या दाराच्या चौकटीला टेकून बसलेल्या सापडल्या. गेलेल्या. त्या आजाराने की साध्या तापाने, तपासायला होतं कोण?

सरलाबाई आयुष्यभर म्हणत राहिल्या, मी तिसऱ्या हाकेची वाट पाहत होते. खोटं नव्हतं ते. पण हाक कोणाची आहे हे त्यांना पहिल्या हाकेलाच कळलं होतं, आणि आपण आजाराला भ्यालो हेही. त्या रात्री चाळीत पाच घरं जागी होती. पाचही कड्या बंद. त्यातली एक माझी. असो.

आता यंदाचा शनिवार, दोन ऑगस्ट. घरचे झोपल्यावर गजेंद्र कानांना हेडफोन लावून बसला. सगळं जमून आलं होतं. शेवटची तपासणी म्हणून त्याने समोरच्या स्पीकरांचे आवाज बंद केले आणि नुसता मागचा आवाज ऐकायला घेतला. त्यात काय असणार? घुमणारे सूर, बांगड्या, कुणाचं तरी खोकणं. अकरा मिनिटं झाली.

"सरला..."

त्याला वाटलं, जागरणाच्या खोलीतलंच कुणीतरी बोललं असेल. मागे नेलं, पुन्हा लावलं.

"सरला..." थोडी शांतता. "सरला वं..."

बसलेला आवाज. धाप लागलेली.

त्याने मूळ डावी बाजू ऐकली. नाही. उजवी ऐकली. तिथेही नाही. उजवीकडे त्याच क्षणी सरस्वतीबाई गात होत्या, मोकळ्या, खणखणीत गळ्याने. आणि मागून... त्याच हाका मारत होत्या. कॅसेट ऑगस्टची. हाक सप्टेंबरची.

गजेंद्र शिकलेला माणूस. वजाबाकीत कधी दबलेला आवाज वर येतो, हे त्याला माहीत होतं. कुणीतरी बाई गल्लीतून हाक मारत असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण ओठांवर त्याला मायचा तळहात जाणवत होता, धाग्यांनी खरबरीत झालेला. या हाका मायच्या कानावर पडता कामा नयेत, एवढंच त्याला कळलं. त्याने दोन्ही हाका कापून टाकल्या आणि फाइल बंद केली.

मला पुढे म्हणाला, "गुरुजी, दोन कापल्या. तिसरीचा विचारच केला नाही."

रविवार, तीन ऑगस्ट. सोनाली मुलांना घेऊन लिंबायतला जागरणाला गेली. घरात हा आणि सरलाबाई. भेस्तानचं ते घर तुम्ही पाहिलंय, पुढची खोली लांबट. मधोमध खुर्चीत सरलाबाई, अंगावर धुतलेलं लुगडं, कपाळाला कुंकू. समोर तीन स्पीकर, पाठीमागे दोन. त्या दोघांच्या मध्ये घराचं दार, आतून बंद. गजेंद्र कॉम्प्युटर घेऊन तिच्या पुढ्यात बसला, तोंड तिच्याकडे. रात्री दहा वाजून चाळीस मिनिटांनी त्याने गाणी सुरू केली.

आणि पोरांनो, सरलाबाई हलल्या. आधी बोटं. मग मान. डावीकडून ओळ आली की ओठ हलायचे, उजवीकडून आली की थांबायचे. तिला आपली पाळी कळत होती! दीड वर्षं ओस पडलेल्या त्या चेहऱ्यात कुणीतरी परत आलं होतं. गजेंद्र ढसाढसा रडला, आणि ते सांगताना माझ्यासमोरही रडला. गुडघ्यावर येऊन त्याने हाक मारली, "माय..."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. पण ओ नाही.

अकरावं मिनिट आलं. त्याने हाका कापल्या होत्या, तिथे मागचे स्पीकर क्षणभर गप्प झाले. गेलं. बारावं लागलं. त्याने सुस्कारा सोडला.

तेवढ्यात पडद्यावर मागच्या आवाजाची पट्टी वर चढली.

गाणं तर समोर चाललं होतं. मागे तीच घुमघुम, वेगळं काही ऐकू येत नव्हतं. तरी पट्टी चढत होती. हळूहळू. कुणी दुरून चालत यावं तशी.

त्याने बटण दाबलं. गाणं थांबलं. सगळ्या पट्ट्या खाली आल्या.

पंख्याचा आवाज.

सरलाबाईंची मान ताठ झाली होती. त्या ऐकत होत्या.

त्याने भिंतीतलं बटणच बंद केलं. स्पीकरवरचे दिवे विझले. पाचही.

शांत.

...

मग दाराकडून...

"सरला..."

स्पीकरमधून नाही. दोन्हींच्या मधून.

गजेंद्रला फक्त मायचे ओठ दिसत होते. ते उघडत होते. तो झेपावला आणि त्याने तिच्या तोंडावर तळहात दाबला. तसाच. तिने दाबला होता तसा.

"नको माय... नको देऊ..."

ती त्याच्याकडे बघत होती. ओळखीने. डोळे हसत होते.

त्याच्या तळहाताखाली ओठ गोल झाले. गरम वाफ लागली.

"ओ..."

आणि मग अगदी हलकेच, "उनू."

बस. हात होता तिथेच राहिला. वाफ थांबली.

ज्या एका ओसाठी त्याने एवढा खटाटोप केला, ती ओ त्याच्या हातात आली. पण त्याच्या हाकेला नाही. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, हृदय थांबलं, शांत मरण आलं. बरोबरच असेल.

तेरावं झाल्यावर गजेंद्र कॅसेट घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "माझ्याकडचं सगळं पुसून टाकलं, गुरुजी. ही एकच राहिली. हिच्यावर मायचा तेव्हाचा आवाज आहे. एकट्याने ऐकवत नाही." दुपारचे तीन वाजले होते, लख्ख ऊन होतं. मी आधी कॅसेट उलटून पाहिली. पाठीवरचे दोन्ही तुकडे तोडलेले, भोकांत एकतीस वर्षांची धूळ. दोनच स्पीकरवाल्या साध्या टेपरेकॉर्डरवर लावली. ना सॉफ्टवेअर, ना मागचे स्पीकर.

गाणी लागली. डावीकडे सरलाबाई, उजवीकडे सरस्वतीबाई. दोघंही ऐकत राहिलो. गजेंद्रच्या चेहऱ्यावर जरा बरं वाटल्यासारखं आलं.

अकराव्या मिनिटाला उजवीकडचा आवाज गाता गाता थांबला.

"सरला..."

गजेंद्रने माझा हात धरला.

"सरला वं..."

...

"सरला..."

मग डावीकडून उत्तर आलं. तेव्हाचा आवाज नव्हता तो. आताचा, दीड वर्ष न वापरलेला, घोगरा. आणि तोंडावर कुणाचाही हात नसलेला.

"ओ! उनू!"

टेप फिरत होता. आम्ही दोघंही बंद करायला उठलो नाही. चाळ पाडून सोळा वर्षं झाली. ते दार नाही, ती चौकट नाही.

खट्.

खट्.

आणि कडी सुटली.