पहिला दगड कुणाचा?

सरक रे, चुलीजवळ बसू दे म्हाताऱ्याला. पुंचोकचं विचारताय ना? माझ्या साडूचा मुलगा तो, नाहीतर असल्या दीडशहाण्याचं नाव मी या चुलीपाशी काढलं नसतं.

गेल्या लोसारच्या आदल्या रात्रीची गोष्ट. अमावास्या. सगळं गाव मशाली फिरवत जुन्या वर्षाची पीडा वेशीबाहेर फेकायला गेलं होतं. पुंचोक मात्र निघाला वरच्या खिंडीकडे, बगलेत करडू मारून. लेहहून आलेल्या पाहुण्यांना म्हणे हिमबिबट्या दाखवणार! राष्ट्रीय उद्यानातला सगळ्यात मोठा वाटाड्या ना हा! पाहुण्यांनी आठवडाभर दुर्बिणीतून रानमेंढ्याच मोजल्या होत्या. उद्या ते परतणार, मग याचं नाक कापलं जाणार. म्हणून आमिष. आणि करडू कुणाचं? आंगमोचं. नवरा गेलेली बाई, त्या वर्षी तिचं एवढं एकच जगलेलं.

बांधायचं कुठे, तर लांडग्यांच्या जुन्या खड्ड्यात. दगडी भिंती, आत झुकलेल्या. पडलेला वर येत नाही. आमचे बापजादे त्यात लांडगा पकडत आणि घरटी एक दगड घालत. पहिला दगड, ज्याचं जनावर गेलं त्याचा. पुढे लामांसमोर शपथ घेऊन गावानं ते बंद केलं. शपथ गावाची, पुंचोकला काय त्याचं!

दोर एका धोंड्याला बांधून पठ्ठ्या आत उतरला. उतरला कसला, धोंड्यासकट खाली आला. एवढा मोठा वाटाड्या, आणि पक्का धोंडा ओळखता येईना!

ओरडून घसा बसला. हातपाय बधिर झाले. सकाळपर्यंत आपण लाकूड होणार, हे त्याला कळलं. मग करडू जाकिटात घेतलं. त्याच्या उबेवर हा जगला, लक्षात ठेवा.

मध्यरात्रीनंतर वर उजेड दिसला. मशाली.

"आलात का रे! अचो, दादांनो, दोर टाका!"



मशाली खड्ड्याभोवती थांबल्या. चेहरे... दिसेनात. हातात दगड होते.

"जनावर कुणाचं?" वरून आवाज आला.

"आंगमोचं," पुंचोक म्हणाला.

"मग पहिला दगड तुझा, पालदान."

पालदान... आंगमोचा नवरा. पुंचोकनं स्वतः त्याच्या तिरडीला खांदा दिला होता.

"पालदान अचो... चुकलो... करडू जिवंत आहे, बघ..."



"लांडगा भुकेपोटी यायचा," पालदान म्हणाला. "हा कशाला आला?"

 पुंचोकनं मान खाली घातली.

"दगड ठेवा खाली," पालदान बाकीच्यांना म्हणाला. " लांडग्यांचा मान आहे तो."

पुंचोकनं डोळे मिटले. करडू थरथरत होतं...

थू.

मग दुसरा थुंकला. मग तिसरा...

मशाली गेल्या.

सकाळी करडू शोधत आंगमो आली. खाली पाहिलं, कपाळाला हात लावला.

"मेल्या, करडू आधी वर दे. मग तुझं बघू."

दोर टाकून माणसं आली तेव्हा मीही होतो. बर्फावर पुंचोकची पावलं येताना, आंगमोची येताना, आमची येताना. बाकी कोरं.

आणि याच्या टोपीवर, खांद्यावर, पाठभर थुंकी गोठलेली. एका माणसाची नव्हे रे पोरांनो... गावभरची.