पिशवीचं शेपूट

"फाटली नाही गं, उसवली!" वाटाण्याने पिशवी उलटी करून दाखवली. पिशवीला बूडच नव्हतं. त्याने आत डोकं घालून पलीकडून बाहेर काढलं, तरी कोणी हसलं नाही.

वाटाणा आणि त्याची बहीण टिटवी सुट्टीला मावशीकडे आले होते. टिटवीला टिटवी का म्हणतात, ते तिच्याजवळ पाच मिनिटं बसलं की कळायचं. मावशी कोंबडीखाद्याची रिकामी पोती स्वच्छ धुऊन, कापून त्यांच्या पिशव्या शिवायची. पोत्यावरची गुबगुबीत कोंबडी बरोबर मधोमध येईल, असा तिचा हिशोब. कोपऱ्यावरचे दुकानदारकाका त्या पिशव्या विकायचे, आणि आज त्यांनी सातवी पिशवी परत पाठवली होती. कुणा बाईंच्या बरण्या रस्त्यात फुटल्या होत्या. अजून एक उसवली, तर पिशव्या ठेवणं बंद, असा निरोप होता.

मावशीने निरोप ऐकला, मशीनवर कपडा टाकला आणि म्हणाली, "हात गेला माझा. आता शिवणकाम पुरे."

दिवसभर घरघरणारं मशीन गप्प झालं आणि घर अगदी भकास वाटायला लागलं. मावशी आणि शिवणकाम सोडणार? छे! हे काही टिटवीला पटेना.

ती स्वयंपाकघरात गेली, तर तिथे खुंटीला मावशीचीच पिशवी, बटाट्यांनी ठासून भरलेली. मावसबहीण, म्हणजे ताई म्हणाली की ही दोन वर्षं अशीच लटकते आहे.

"मग घरातली टिकते आणि दुकानातली उसवते, हे कसं काय?" टिटवीने विचारलं.

ताई कमी बोलायची, पण करून दाखवायची. पिशवीचं बूड म्हणजे पोत्याची मूळचीच शिवण. एकाच धाग्याची, साखळीसारखी एकात एक अडकलेली. मावशी ती तशीच ठेवायची आणि टोकाला चार बोटं धागा सोडून त्याला घट्ट गाठ मारायची. ताईने एका रिकाम्या पोत्याची शिवण टोकाला कापली आणि धागा ओढला. सर्रकन सगळी शिवण सुटली. वाटाण्याला हा खेळ इतका आवडला, की त्याच्या हातून पोती काढून घ्यावी लागली.

मग तिघांनी परत आलेल्या सातही पिशव्या तपासल्या. एकीलाही गाठीचं शेपूट नव्हतं. ते कुणीतरी कात्रीने कापलं होतं.

दुपारी ताईने शिल्लक राहिलेल्या दोन नव्या पिशव्या दुकानात नेऊन दिल्या. शेपूट कोण कापतं ते पाहायला टिटवी आणि वाटाणा साबणाच्या खोक्यांमागे दडून बसले. ताईची अट एकच होती: टिटवीने तोंड उघडायचं नाही. वीस मिनिटं! टिटवीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

दुकानदारकाका फार टापटिपीचे. बरण्यांची तोंडंसुद्धा एका रांगेत. त्यांनी एक पिशवी उचलली, लोंबणारा धागा पाहून नाक मुरडलं, खिशातून छोटी कात्री काढली आणि शेपूट कचकन कापलं.

"काका, थांबा!" टिटवी खोक्यांमागून उसळली. "दुसरीचं कापू नका!"

काका दचकले. मग म्हणाले की धागे लोंबलेले त्यांना मुळीच खपत नाहीत. आजवर सगळ्या पिशव्यांचे कापले, त्यात काय बिघडलं?

टिटवीने वाद घातला नाही. तिने दोन्ही पिशव्यांत सारखेच बटाटे भरायला सांगितले आणि त्या उचलून दारापर्यंत चालून दाखवायची विनंती केली. काका हसत निघाले. तिसऱ्या पावलाला उजवी पिशवी खालून उघडली आणि बटाटे चकचकीत फरशीवरून चहूकडे पळाले. डावी पिशवी जशीच्या तशी होती, शेपटासकट.

काका गुडघ्यांवर बसून बटाटे वेचू लागले. वाटाणाही कपाटाखाली शिरला. शेवटचा बटाटा डाव्या पिशवीत टाकून काका उठले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे त्या बाईंच्या बरण्या मीच फोडल्या."

संध्याकाळी ते स्वतः मावशीकडे आले आणि सरळ माफी मागितली. मावशी म्हणाली, चूक तिचीही होतीच; गाठ कशासाठी मारते, ते तिने कधी सांगितलंच नव्हतं. यापुढे बुडाला मशीनची आणखी एक शिवण घालायची, म्हणजे कुणी काहीही कापलं तरी बूड जागेवर राहील.

"पोरांनी शोधलं म्हणून, नाहीतर मी तुमच्या हाताला दोष देत बसलो असतो," काका म्हणाले.

मावशीने टिटवीला जवळ ओढलं. "बोललीस ते छानच केलंस. पण वीस मिनिटं गप्प बसलीस, हे तुझ्या आईला सांगितलं तर तिला खरं वाटायचं नाही!"

काकांनी खिशातली कात्री काढून मावशीपुढे ठेवली. "ही इथेच राहू द्या. लोंबता धागा दिसला की माझे हात शिवशिवतात."

मावशी हसली. तिने मशीनवरचा कपडा काढला, नीट घडी करून टिटवीच्या हातात दिला आणि पहिली पिशवी सुईखाली सरकवली.