दिवस बुडायच्या आत

सुंदरीचं बारसं झालं ते साल २०१९. त्याच महिन्यात तिच्या वडिलांना, आर्जवला, रक्ताचा कॅन्सर निघाला. त्याची धाकटी बहीण त्रिशला हिचं रक्त त्याच्याशी जुळलं. पुण्यात तिच्या रक्तातल्या मूळपेशी काढून त्याला द्यायच्या होत्या. त्या वाढाव्यात म्हणून तिला रोज एक सुई. चार गावी आष्ट्यात, पाचवी पुण्यात.

बर्फाचा डबा छातीशी धरून ती दवाखान्यात शिरली, आणि दारातच एकाला धडकली.

"कुल्फी आणलीसा व्हय?"

"सुया हायत. खाताय?"

तो उंब्रजचा वीरधवल, त्या दवाखान्यातला ब्रदर. हात इतका हलका, की टोचलं कधी ते तिला कळलंच नाही.

तिसऱ्या दिवशी ती कमरेवर हात ठेवून आली. पाठ, मांड्या, छातीचं हाड... सगळं आतून ठणकत होतं.

"गोळी घेतली न्हाई?"

"सुई संध्याकाळची. ठणका दिवस बुडल्यावर उठतो. तवा आमी जैन पाणीसुदीक घेत न्हाई."

"आजाऱ्याला सूट असती की."

"आजारी माझा भाऊ हाय. मी न्हाई."

मग त्यानं पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावला. चौथी सुई दुपारी घ्यायची ठरली, गोळी दिवस बुडायच्या आत.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला त्रिशलाचा फोन वाजला.

"सूर्य हाय अजून. गोळी?"

"घेतली."

"पाणी?"

"तांब्याभर."

"आनि... माझी आठवण?"

"ती दिवस बुडल्यावर. तिला पाणी लागत न्हाई."

ठणका राहिलाच, डोकंही फुटत होतं. पण पहाटे पुण्याच्या गाडीत तीच आधी जाऊन बसली.

पुण्यात दोन्ही हातांत सुया घालून ती चार तास पडून होती. रजा टाकून आलेला वीरधवल उशाशी बसला होता. पेशी पुरेशा निघाल्या, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा कुठं ती रडली.

"आता माझं एक इचारू?" तो म्हणाला.

"इचारू नका. माझ्याशी लगीन म्हंजे जल्मभर दिवसाउजेडी जेवण. जमंल?"

"उंब्रजात हसत्याल मला."

"हसू देत."

"मग... आजपासनंच!"

दोन्ही घरं दीड वर्ष अडून बसली. ही दोघं हटली नाहीत. शेवटी आर्जवनंच दोन्हीकडं जाऊन बोलणी केली आणि बहिणीचं लग्न लावून दिलं.

आर्जवला त्या पेशींवर चार वर्षं मिळाली. २०२३च्या ऑगस्टमध्ये सांगलीत तो वारला.