मधेच थांबवलेलं विमान

हे खरं घडलेलं आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं. मनधरणी करायची मला हौस नाही.

आणि आधीच सांगून ठेवते. यात अमावस्या नाही, ओसाड घर नाही, घुबडही नाही. मंगळवार होता. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. एसी चालू, दिवे चालू. आणि ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझा सख्खा मामा नुकताच पोटभर जेवून, ढेकर देऊन आला होता.

मामाबद्दल चांगलं सांगावं असं माझ्याकडे फारसं नाही.

तो वैमानिकांचा परीक्षक होता. विमान चालवणाऱ्या माणसाला दर सहा महिन्यांनी परीक्षा द्यावी लागते. खऱ्या विमानात नाही, सिम्युलेटरमध्ये. म्हणजे एका मोठ्या शेडमध्ये सहा लोखंडी पायांवर उभी असलेली एक पांढरी खोली. आत हुबेहूब कॉकपिट. काचेबाहेर पडद्यावर आकाश, ढग, धावपट्टी. खोली डोलते, हादरते, आपटते. दोन वैमानिक पुढे बसतात आणि मागे, एका स्क्रीनसमोर, परीक्षक. त्याने एक बटण दाबलं की इंजिनाला आग लागते. दुसरं दाबलं की धूर. तिसरं दाबलं की केबिनमधली हवा जाते.

अकरा वर्षं मामा ती बटणं दाबत होता. चवीने.

विमान उतरायच्या आधी माणसाची उतरवायची, ही त्याची पद्धत. वीस वर्षं उडवलेल्या कॅप्टनला तो "काय, सायकल येते का?" असं विचारायचा. नव्यांना तर नावंच नसायची. बधिर, भित्रा, मठ्ठ, एवढ्या तीन खणांत त्याने सगळी माणसं बसवली होती.

सगळ्यात ओंगळ प्रकार म्हणजे त्याचा तो आवाज.

सिम्युलेटरला मागे केबिन नसते. प्रवासी नसतात. त्यामुळे केबिनमधल्या हवाई सेविकेचं काम परीक्षकच करतो. वैमानिकाने फोन केला की मागून उत्तर द्यायचं. मामा ते मुद्दाम चिरक्या आवाजात द्यायचा. "कॅप्टन, कॅप्टन, आपण मरणार का हो?" मग स्वतःच हसायचा. पुढच्या दोघांनाही हसावं लागायचं. नोकरीचा प्रश्न असतो.

त्या दिवशी डाव्या सीटवर एक कॅप्टन बाई होत्या. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. मागच्या खेपेला मामानेच त्यांना नापास केलं होतं. पुन्हा नापास झाल्या असत्या तर कॅप्टनची जागा जाणार होती. उजव्या सीटवर निवृत्तीला आलेले एक सहवैमानिक होते. त्यांची परीक्षा नव्हती, जागा भरायला आले होते. मामा त्यांना तोंडावर 'आजोबा' म्हणायचा.

खाली कंट्रोल रूममध्ये टेक्निशियन होता. वर जाताना मामा त्याला म्हणाला, "चार वाजता चहा सांगून ठेव. मॅडमचं लवकर आवरेल."

बाईंनी ऐकलं.

तिघं आत गेले. जाड दार बंद झालं. दारापर्यंत येणारा छोटा पूल बाजूला झाला आणि खोली पायांवर उचलली गेली. आता खोलीच्या चारही बाजूंना नुसती हवा, आणि दोन माणसांच्या उंचीइतकी खाली शेडची फरशी.

पहिली वीस मिनिटं सगळं नेहमीसारखं झालं. उड्डाणानंतर एक इंजिन बंद पडलं. बाईंनी सांभाळलं.

"नशीब," मामा म्हणाला.

मग त्याने धुराचं बटण दाबलं.

धूर झाला की दोन्ही वैमानिकांनी आधी ऑक्सिजनचा मास्क चढवायचा असतो. मास्कच्या आत माइक असतो, म्हणून हेडफोनमध्ये सगळ्यांना सगळ्यांचा श्वास ऐकू येतो. मोठ्याने. घशातून पंप चालवल्यासारखा.

बाईंचा श्वास संथ होता. आजोबांचा जरा धापा टाकल्यासारखा.

आणि...

आणखी एक होता.

मामाने कान दिला. एक संथ. एक धापांचा. आणि त्या दोघांच्या मधे एक बारीक, घाईघाईचा.

मामाने मास्क लावलेला नव्हता.

त्याने खाली फोन केला. "माइकमध्ये काहीतरी गडबड आहे रे. तिसरा आवाज येतोय."

"इथे दोनच दिसतायत, सर," टेक्निशियन म्हणाला.

"तुला काय दिसणार म्हणा." मामाने फोन ठेवला. यंत्रं भिकार, माणसं त्याहून भिकार, असं पुटपुटत तो स्क्रीनकडे वळला.

तेवढ्यात...

टिंग.

केबिनमधून कॉकपिटला फोन आला की ही घंटी वाजते. ती मामाच्या स्क्रीनवरून वाजते. मामाचा हात खुर्चीच्या हातावर होता.

बाईंनी फोन घेतला. "बोला."

मामा चिरका आवाज काढायला तोंड उघडतच होता.

"कॅप्टन, मागे धूर आहे."

कुणा अनोळखी बाईचा आवाज. शांत. जरासा खोकला आल्यासारखा, पण शांत.

"सतराव्या रांगेच्या वरून येतोय. आग दिसत नाही, पण पॅनल तापलंय. लोकांना पुढे सरकवलंय. ओले रुमाल दिलेत."

मामाला वाटलं, टेक्निशियनने कुणाला तरी माइकवर बसवलंय. आपल्यावर विनोद. त्याच्या कपाळाची शीर उडायला लागली.

पण कॅप्टन बाईंना काय माहीत? त्यांना वाटलं, परीक्षकांनी आज कोणी खरी सेविका बसवली आहे. त्यांनी शिकवलंय तसं, एकामागून एक सांगितलं. "ऐका. धूर आहे, आपण जवळच्या विमानतळावर वळतोय. नऊ मिनिटांत उतरू. धावपट्टीवरच थांबणार. किती जण आहात?"

"कागदावर एकशे दहा आहेत, कॅप्टन. आम्ही एकशे बारा आहोत. दोन मांडीवरची बाळं."

"नऊ मिनिटं. लक्षात ठेवा."

"नऊ मिनिटं," तो आवाज म्हणाला. मग थोडा थांबून... "लोकांना सांगू ना? नक्की?"

"सांगा."

मामाने फ्रीजचं बटण दाबलं.

फ्रीज म्हणजे सगळं जागच्या जागी. परीक्षकाला मधे काही बोलायचं असलं की तो हे करतो. इंजिनांचा आवाज थांबला. खोली थांबली. काचेबाहेर लांबवर विमानतळाचे दिवे होते तिथेच गोठले. विमान आभाळात टांगल्यासारखं उभं.

"बास झाला फाजीलपणा," मामा म्हणाला. "कोणाची कल्पना ही? आजोबा, तुमची?"

आजोबांनी मास्क काढला. बाईंनीही काढला.

श्वास थांबायला हवे होते.

दोन थांबले.

हेडफोनमध्ये तो तिसरा चालूच होता. आता त्याच्या मागे आणखी काहीतरी होतं. लांबून येणारी गलबल. बंद दाराआड खूप माणसं बोलत असली की येते तशी. आणि त्यात एक बाळ रडत होतं.

टिंग.

"कॅप्टन, आपण थांबलो का?"

मामाने स्वतः माइक ओढला. "ए बाई, कुठून बोलतेयस तू?"

"मागून."

मामाने मागे पाहिलं. त्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर ते जाड दार होतं. दारापलीकडे काही नव्हतं.

"धूर वाढलाय," आवाज म्हणाला. "तुम्ही थांबला असाल. आम्ही नाही थांबलो."

आजोबांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. बाई मात्र सीटवर वळल्या आणि मामाकडे बघून म्हणाल्या, "सर, फ्रीज काढा."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"काढा. मी उतरवते. सहा मिनिटांचा प्रश्न आहे."

"कुणाला उतरवताय मॅडम? मागे कोण आहे? हे यंत्र आहे. खाली फरशी आहे."

"मग काढायला काय जातंय तुमचं?"

खरंच, काय जात होतं? एक बटण. फ्रीज काढायचा, बाईंना उतरवू द्यायचं, मग काय तो तमाशा करायचा. पण ते बटण दाबलं असतं तर मागे कोणीतरी आहे हे कबूल केल्यासारखं झालं असतं. तेही एका नापास बाईच्या सांगण्यावरून. ते मामाच्या जिवावर आलं.

त्याने दुसरं बटण दाबलं. लाल. संकटकाळी सगळं बंद करायचं.

पडदे काळे झाले. विमानतळाचे दिवे गेले. खोली फुसफुसत पायांवर खाली बसली. हेडफोन मेले. छताला एक छोटा पिवळा दिवा लागला.

शांतता.

"हे बघा," मामा म्हणाला. "गेली तुमची माणसं."

आणि मग...

दारावर थाप पडली.

मूठ नव्हती. तळहात होता. उघडा, पसरलेला.

मग दुसरा. मग एकदम खूप. दाराच्या वरच्या भागावर, मधे, अगदी खाली जमिनीलगत. ओरडणं नाही, हाका नाही. नुसते तळहात. पत्र्यावर जोराचा पाऊस यावा तसे.

मामा खुर्चीतून उठला आणि सरकत सरकत कॉकपिटच्या पुढच्या टोकाला जाऊन पाठ लावून उभा राहिला. आजोबांनी डोळे मिटून घेतले होते.

बाईंनी मेलेल्या कंट्रोलवर दोन्ही हात ठेवले होते. घड्याळाकडे बघून त्या हलक्या आवाजात बोलत होत्या. "चार मिनिटं. खाली वाकून बसा. तोंडावर ओलं कापड धरा. तीन मिनिटं. मी आहे इथे."

तळहात कमी व्हायला लागले.

आधी वरचे थांबले. मग मधले. शेवटी जमिनीजवळ एकच राहिला. तो सावकाश पडत होता.

मग तोही...

बाईंनी घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं उरली होती.

त्यांनी मोजणं थांबवलं आणि कंट्रोलवरचे हात काढले.

थोड्या वेळाने पूल जोडल्याचा आवाज आला आणि दार उघडलं. बाहेर टेक्निशियन होता. चेहरा पांढराफटक.

"सर, किती वेळ ठोकत होतात. पूल लागत नव्हता हो. मी काय करणार?"

"कोण ठोकत होतं?" मामाने विचारलं.

"तुम्हीच ना. आतून. दाराच्या आतल्या बाजूने. मी अर्ध्यावर अडकलेल्या पुलावर उभा राहून ऐकत होतो."

आतल्यांना ते बाहेरून ऐकू आलं होतं. बाहेरच्याला आतून. ते दार चार बोटं जाड आहे.

खालच्या खोलीत मामा फॉर्म भरायला बसला. त्याने सगळ्या रकान्यांत 'समाधानकारक' लिहिलं आणि कागद बाईंपुढे सरकवला.

"पास आहात."

"कशात?"

"सगळ्यात. इंजिन, धूर, मास्क, केबिनशी बोलणं..."

"विमान कुठे आहे?"

"कुठलं विमान?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मामा म्हणतो, अकरा वर्षं मी लोकांकडे जसं बघत आलो तसं. बुटावर काहीतरी लागलं की माणूस बघतो तसं.

"उतरवणं झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "तसं लिहा."

त्याने उतरवण्याच्या रकान्यात 'झालं नाही' असं लिहिलं. त्या रकान्याशिवाय पास करता येत नाही आणि नापासही नाही, परीक्षा अपुरी राहते. बाईंनी सही केली आणि गेल्या. महिन्याभराने दुसऱ्या परीक्षकाकडे परत आल्या, पास झाल्या. अजून उडवतात.

कंपनीने चौकशी केली. म्हणजे तीन माणसं एका खोलीत बसली, त्यांनी बिस्किटं खाल्ली आणि 'ध्वनियंत्रणेतील दोष' असं लिहून उठली. कॉकपिटमधल्या रेकॉर्डिंगमध्ये सेविकेचा आवाज नव्हता. बाईंचे प्रश्न होते. मग उत्तर मावेल एवढी रिकामी जागा. मग पुढचा प्रश्न. दारावरच्या थापा नव्हत्याच. आजोबांनी चौकशीत 'मला आठवत नाही' असं सांगितलं. त्यांना निवृत्ती नीट हवी होती.

मामाने तीन महिन्यांत नोकरी सोडली.

आता तुमच्यातले हुशार म्हणतील, कधीतरी झालेला अपघात असणार, त्या विमानाचे आत्मे असणार. मामालाही आधी हेच वाटलं. त्याने दोन वर्षं घालवली. जगातल्या अपघातांचे अहवाल असतात, सगळे वाचता येतात. धूर, सतरावी रांग, एकशे बारा माणसं, दोन बाळं. त्याने चाळीस-पन्नास वर्षं मागे जाऊन पाहिलं.

असा अपघात कुठेच झालेला नाही.

मी त्याला म्हटलं, मग बरंच आहे की. तुला भास झाला.

त्याने माझ्याकडे बघून तो जुना कुत्सित आवाज काढला. "अगं, अजून झालेला नाही म्हणतोय मी."

मला कळायला जरा वेळ लागला.

मागच्या आठवड्यात मामी भेटली. म्हणाली, अहवाल वाचायचं त्याने कधीच सोडलं. आता फक्त रोजच्या बातम्या बघतो. उठल्या उठल्या, तोंडही न धुता. एवढंच शोधतो, कुठे काही पडलंय का.

"आणि नाही सापडलं की बरं वाटतं का त्याला?" मी विचारलं.

"नाही गं," मामी म्हणाली. "उलट हातपाय गळतात."